पावणेचार मीटरची कायाक, अडीच मीटरचा डाला: एका वाहतुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, नवेगावबांधच्या टापूत पाच जणांचा एक गट पाहुण्यांच्या घरगुती मुक्कामाची सोय चालवतो. गटाची कागदपत्रं माझ्याकडे असतात, म्हणून हे प्रकरण मला पहिल्या फोनपासून माहीत आहे. माणसांची नावं आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सफारीला येणारे पाहुणे सकाळची फेरी आटोपली की दिवसभर मोकळेच. जवळच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर त्यांना कायाक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद नाव, चालवू द्यावी, अशी गटाची कल्पना. तलावावर नाव घालायची परवानगी, मासेमारी संस्थेच्या ढिवर बांधवांशी बोलणं, लाइफ जॅकेट हे सगळं त्यांनी आधीच मार्गी लावलं होतं. ते काम निगुतीनं झालं होतं, हे सांगायला हवं, कारण पुढचा घोळ वाचून ही माणसं बेफिकीर होती असं वाटू शकतं.

नागपूरच्या एका गृहस्थाकडे दोन जुन्या कायाक विकायला होत्या. दोन माणसांनी वर बसून वल्हवायच्या, साच्यात ओतलेल्या जाड प्लास्टिकच्या. लांबी ३.७५ मीटर, रुंदी ८६ सेंटिमीटर, वजन प्रत्येकी ३२ किलो. हे आकडे कायाकवर चिकटवलेल्या पट्टीवरच होते. सौदा मात्र फोटो पाहून फोनवर झाला आणि फोनवर लांबी ठरली ती ‘बारा फूट वगैरे’. विकणाऱ्याला घर रिकामं करायचं होतं. महिनाअखेरच्या आत माल उचला, एवढीच त्याची अट. महिना मे, नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधीचा आठवडा.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

गटातल्या एकाच्या मामेभावाची पिकअप होती. मालवाहू, पिवळ्या पाटीची, कागद चोख. डाला, म्हणजे माल ठेवायची मागची उघडी जागा, आठ फुटी; अडीच मीटरला जरा कमीच. गाडी घरची, भाडं लागणार नाही, एवढ्यावर निर्णय झाला. टेप कोणी काढला नाही.

नागपुरात कायाक डाल्यात ठेवल्यावर मागे सव्वा मीटरहून जास्त बाहेर आल्या. तिथे दोन उपाय सुचले. एक म्हणजे फाळका उघडा ठेवून लाल फडकं बांधायचं. दुसरा, नाक केबिनच्या टपावर टेकवून कायाक तिरप्या उभ्या करायच्या, म्हणजे मागचं टोक डाल्यातच राहील. गटाच्या दादांना दुसरा पटत होता. मामेभाऊ म्हणाला, “सळ्या नेतो, बांबू नेतो, कोनी काई म्हनत नाई. फडका बांधला का झालं.” आणि फडकं बांधलं. नायलॉनची दोरी आडवी टाकून, गुडघा रोवून करकचून आवळली. वरून दोघं डाल्यात बसले, कायाक धरायला.

भंडाऱ्याच्या अलीकडे महामार्गावर तपासणी पथकानं हात दाखवला.

अधिकाऱ्याचं पहिलं बोट मालाकडे नव्हतं, डाल्यात बसलेल्या दोघांकडे होतं. मालवाहू गाडीच्या डाल्यात माणसं बसवता येत नाहीत. अपघात झाला तर भरपाईसाठी विमा कंपनी हात वर करते, आणि गाडीला धक्का बसला तर बत्तीस किलोची कायाक धरणारा माणूस तिच्यासोबतच बाहेर जातो. दुसरं बोट फडक्याकडे. पावती फाडली नाही, पण गाडी पुढे जाऊ दिली नाही. कायाक शेजारच्या धाब्यावर उतरवाव्या लागल्या आणि पिकअप रिकामीच घरी आली.

कायदा नेमका काय म्हणतो

इथे जरा थांबतो, कारण फडक्याचा समज गावोगाव पक्का आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९३ वाहनाची मापं आणि बाहेर आलेला माल यांबद्दल आहे. मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायची मुभा त्यात एके काळी होती. रात्री उभ्या ट्रकच्या मागे लोंबणाऱ्या सळ्यांवर आदळून होणाऱ्या मृत्यूंचा विषय गाजला आणि २०१४ मध्ये ती मुभा काढून टाकली. आता माल बाजूला गाडीच्या अंगाबाहेर, मागे गाडीच्या शेवटच्या भागाबाहेर आणि पुढे डाल्याच्या पुढच्या कडेबाहेर जाता कामा नये. लाल फडकं बांधून यातलं काहीच माफ होत नाही. मागच्याला दिसावं म्हणून ते बरं, एवढंच.

दादांचा तिरप्या कायाकचा उपायही याच नियमात अडकतो. केबिनवर टेकलेलं नाक डाल्याच्या पुढच्या कडेबाहेर जातं. मागचा दोष पुढे सरकतो, मिटत नाही. फडक्याऐवजी तो उपाय केला असता तर नियमाचा प्रश्न होताच, वर सपाट टपावर घसरणारं नाक आणि त्याखाली शिरणारा वारा हे दोन धोके वाढले असते.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ मध्ये १-अ हे पोटकलम आलं. माल असा बाहेर काढून गाडी चालवली किंवा चालवायला लावली तर २०,००० रुपये, वर माल उतरवायचा खर्च. आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हेही त्यातच लिहिलंय. धाब्यावर घडलं ते हेच. ‘चालवायला लावली’ हे शब्द गटाला लागू पडत होते, नुसते मामेभावाला नव्हे. हे कळल्यावर दादा बराच वेळ गप्प होते.

दुसऱ्यांदा मांडलेले पर्याय

त्या रात्री फोनवर जे बोलणं झालं ते पहिल्या वेळच्या उलट होतं. आधी लांबी, मग गाडी.

ट्रॅक्टरची ट्रॉली सगळ्यात आधी पुढे आली. एका सदस्याची होती आणि लांबीला पुरत होती. पण शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली पर्यटनाच्या धंद्याचा माल आणायला लावली तर परवाना आणि विमा दोन्ही प्रश्नात येतात. शिवाय तेवढं अंतर महामार्गावरून ट्रॅक्टरनं, मागून ताशी ऐंशीनं येणाऱ्या ट्रकांच्या पुढे. हा पर्याय मी ठामपणे नको म्हटला.

गाडीच्या मागे छोटा ट्रेलर ही परदेशी व्हिडिओत दिसणारी पद्धत. आपल्याकडे ट्रेलरचीही नोंदणी लागते. गावच्या वेल्डरनं जोडून दिलेला दोन चाकांचा गाडा रस्त्यावर आणता येत नाही. सोडून दिलं.

धाब्यावर पडलेल्या कायाक कन्हान नदीत टाकून वैनगंगेतून आणू, असंही एकानं गमतीत सुचवलं. मे महिन्यातल्या कन्हानात कायाक डोक्यावर घेऊन चालावं लागलं असतं, आणि वाटेत गोसीखुर्द धरणाची भिंत.

उरले दोन. गटातल्या एकाची जुनी बोलेरो, छतावर कॅरिअर लावून. किंवा चौदा फुटी मालगाडी, म्हणजे सव्वाचार मीटरचा डाला, ज्यात कायाक पूर्ण आत बसते. चौदा फुटी गाडी एवढ्याशा मालासाठी करायची म्हणजे पैशाचा चुराडा, असं सगळ्यांचं मत होतं. पण हा धानाचा मुलूख. अर्जुनी मोरगाव भागातल्या राइस मिलमधून तांदूळ नागपूरला जातो आणि बऱ्याच गाड्या रिकाम्या परततात. त्या भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला वळतात आणि नवेगावबांधवरूनच पुढे अर्जुनीला जातात. रिकाम्या परतीच्या गाडीत दोन हलक्या कायाक टाकायला चालक आणि मालक दोघंही तयार होते. भाडं पिकअपच्या फुकट गेलेल्या फेरीच्या डिझेलहून कमी पडलं.

इथे एक चांगला निर्णय झाला आणि तो दादांचा होता. बोलेरो पुढे रोजच लागणार होती, त्यामुळे ‘एकदाच कॅरिअर घेऊ आणि त्यावरच आणू’ असा आग्रह काही जणांचा होता. दादा म्हणाले, नवीन कॅरिअर, कधी न बांधलेली कायाक आणि महामार्ग, तिन्ही एकदम नको. लांबचा पल्ला ट्रकनं, आणि छतावर बांधायचा सराव गावच्या रस्त्यावर.

ट्रकमधून आणताना

ट्रकमध्ये रिकामा बारदाना होता. तो जाड अंथरून कायाक डाल्याच्या दोन्ही भिंतींना लागून कुशीवर उभ्या केल्या. या प्लास्टिकच्या नावेची कड पोटापेक्षा ताठ असते, म्हणून कुशीवर ती वजन आणि धक्के जास्त सोसते. दोन ठिकाणी रुंद पट्टे घेऊन भिंतीच्या कड्यांना बांधल्या आणि तळाची बुचं उघडी ठेवली. बंद पोकळीतली हवा उन्हात फुगते. बुच लावलेलं असेल तर कायाक फुगून तिच्या कवचावर ताण येतो.

धाब्यावरून उचलताना नुकसान दिसलं. पहिल्या दिवशी नायलॉनची दोरी जिथून गेली होती, तिथे दोन्ही कायाकच्या पोटाला बोटभर खोल खळगा पडला होता. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलिन, विदर्भाच्या मेमधल्या उन्हात ते मऊ पडतं. भर दुपारी गुडघा देऊन आवळलेली बारीक दोरी त्यात रुतली. गावात आणल्यावर कायाक कशाचाही दाब न देता उन्हात ठेवल्या, खळग्यावर कढत पाणी ओतलं आणि वरच्या झाकणातून हात घालून आतून दाबलं. बराचसा खळगा भरून आला. ओळ राहिली, ती बोट फिरवलं की लागते.

छतावर बांधायचं ठरवताना

खरा विचार लागला तो इथे. गटाला तलाव ते घर आणि कधीमधी इटियाडोह धरणापर्यंत कायाक न्यायची होती. बोलेरोची लांबी चार मीटरला किंचित कमी, कायाक पावणेचार. म्हणजे पुढे-मागे मिळून वीत-सव्वा वीत जागा सुटते. या खेपेला टेप दोनदा लावला.

अडचण अशी की गाडीचं छत गाडीच्या मध्यावर नसतं. पुढे बॉनेट, छत त्याच्या मागे. बांधणाऱ्याचा हात आपोआप कायाक छताच्या मध्यावर ठेवायला जातो, म्हणजे ती मागे दोन-अडीच फूट लोंबते आणि पुन्हा नियमाबाहेर. मागची हद्द पाळायला ती पुढे सरकवावी लागते; बोलेरोला डाला नाही, म्हणून पुढची हद्द गटानं बंपरची धरली. पुढे सरकवली की नाक कॅरिअरच्या पुढच्या आडव्या दांडीच्याही पुढे जवळजवळ पाच फूट, बॉनेटवर अधांतरी येतं. काचेवरून वर चढणारा वारा नेमका त्याच्याच खाली शिरतो. कायद्यानं नीट ठेवलेली कायाक वाऱ्याला जास्त सापडते, असा हा पेच आहे. छताच्या मध्यावर ठेवावी की पुढे, यावर गटात बरीच घासाघीस झाली.

पुढे ठेवायचं ठरलं आणि नाकाची सोय वेगळी केली. नाकाच्या कडीतून दोन दोऱ्या घेऊन त्या बॉनेटच्या डाव्या-उजव्या अंगाला, खाली गाडी ओढायच्या हुकापर्यंत, फाकवून बांधल्या. एकच दोरी सरळ खाली घेतली तर नाक वर उठत नाही, पण शेजारून ट्रक गेला की बाजूला झोकांडी खातं. दोन फाकवलेल्या दोऱ्या दोन्ही धरतात. शेपटीला तसंच. या दोऱ्या नायलॉनच्या नकोत, ओल्या झाल्या की सैल पडतात. पॉलिएस्टरची दोरी घेतली. गाठ मात्र शिकवावी लागली नाही. ट्रकवाले ताडपत्री आवळताना मधे फास करून दोरी त्यातून परत ओढतात, तीच. गटातले दोघं धानाच्या गाड्यांवर हमाली केलेले. त्यांचे हात माझ्या सूचनेच्या आधीच चालत होते.

कमरेला दोन पट्टे, प्रत्येक दांडीशी एक. दुकानदारानं करकर वाजणारे रॅचेट बेल्ट पुढे केले होते. ट्रकच्या मशीनला ते ठीक. प्लास्टिकच्या नावेला ते नको, एक करकर जास्त झाली की पुन्हा तोच खळगा. साधा दात्यांच्या बकलचा पट्टा, हातानं ओढून ताठ होईल तेवढाच. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो फडफडत नाही. न देता निघालात तर मैलभरातच छतावरून येणारी घरघर ऐकून गाडी थांबवाल.

दांड्यांवर एसीच्या पाइपला चढवतात तो काळा फोम बसवला. कायाक पालथी ठेवली, पोट आभाळाकडे. वर बसायच्या कायाकच्या कडा सपाट असल्यामुळे ती आडव्या दांड्यांवर पालथीच नीट बसते आणि पाऊस आला तर आत पाणीही साठत नाही.

कॅरिअरचा निर्णय छोटा पण महत्त्वाचा. वेल्डर छताला कायमची चौकट जोडून द्यायला तयार होता, स्वस्तात. कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करू नये. छताला डाग देऊन जोडलेली चौकट तपासणीत वादाला आमंत्रण देते. या गाडीच्या छताला कडेनं पन्हळ आहे; तिला शिकंज्यानं धरणारं आणि चार बोल्ट सोडले की निघणारं कॅरिअर घेतलं. काम झालं की ते काढून ठेवतात.

दोन्ही कायाक एकदम न्याव्यात का? रुंदीचा हिशेब कागदावर जमत होता: दोन कायाक १७२ सेंटिमीटर, गाडी त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद. पण गाडीच्या पुस्तिकेत छतावरच्या वजनाची मर्यादा असते आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. एक जण म्हणाला, “छतावर दोन मानसं उभी राह्यतेत न भाऊ, काई होते काय?” उभ्या गाडीवर माणसं उभी राहणं वेगळं. चालत्या गाडीला खड्डा लागला किंवा ब्रेक दाबला की तेच वजन कितीतरी पटीनं ओढतं आणि छतावरच्या वजनानं गाडीचा तोल वर सरकलेला असल्यामुळे वळणावर ती जास्त कलते. एका वेळी एकच, असं ठरलं.

पुढे काय झालं

बोलेरोनं कायाक तेव्हापासून बऱ्याचदा नेल्या गेल्या. ताशी पन्नासच्या आसपासच चालवतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. दोन-चार किलोमीटरवर पहिला थांबा घेऊन पट्टे हातानं चाचपायचे, कारण फोम दबतो आणि पट्टा ढिला पडतो. एकदा त्या थांब्यावर मागची दोरी सुटलेली सापडली. कमरेचे पट्टे आणि पुढच्या दोऱ्या शाबूत असल्यामुळे कायाक जागची हलली नव्हती.

एकदा गावातल्या गल्लीत खाली आलेल्या वीजतारेपाशी गाडी उभी करावी लागली. कायाकसह उंची सव्वादोन मीटरच्या आसपास, तार बरीच वर होती. तरी एकानं उतरून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला.

शेजारच्या गावातल्या एकानं ‘आमचा बी डोंगा आणून द्या, भाडं देतो’ म्हटलं. दादांनी नकार दिला. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाड्यानं माल नेणं परवान्याचा भंग आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा पहिला प्रश्न तोच येतो.

काय वेगळं करता आलं असतं

सौदा करतानाच विकणाऱ्याला पट्टीवरच्या मापाचा फोटो पाठवायला सांगायला हवं होतं. तो आकडा हाती असता तर पिकअप त्याच क्षणी बाद झाली असती. दहा फुटी, एकट्यानं चालवायची कायाक घ्यावी का, हाही विचार तेव्हाच झाला असता. ती तीन मीटरची, पंचवीस किलोच्या आत-बाहेर आणि बोलेरोच्या छतावर पुढे फारशी न लोंबता बसते. पाहुणे जोडीनं येतात म्हणून दोघांची हवी होती, हे कारण खरं आहे; पण त्याची किंमत प्रत्येक फेरीला बॉनेटवर चार गाठी मारून मोजावी लागते.

विकणाऱ्याच्या मुदतीला सगळे फार घाबरले. धाब्यावर कायाक चार दिवस पडून राहिल्या तरी काही बिघडलं नाही. तेच चार दिवस नागपुरातल्या एखाद्या ओळखीच्याच्या अंगणात काढता आले असते आणि परतीच्या ट्रकची चौकशी आधी करता आली असती. मिलचा मुकादम गटातल्या तिघांच्या ओळखीचा होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, कारण ट्रक म्हणजे धान, ही गाठ डोक्यात पक्की.

माझा आणि दादांचा एक मतभेद अजून आहे. माझं म्हणणं, महामार्गावर छतावरची कायाक न्यायचीच नाही, दरवेळी परतीची मालगाडी बघायची. त्यांना हिवाळ्यात एक कायाक रामटेकजवळ खिंडसी तलावाला न्यायची आहे, बोलेरोनंच. नाकाला दोऱ्यांची आणखी एक जोडी लावून, पहाटे वारा पडलेला असताना निघून, पन्नासच्या वर न जाता. त्यांनी टेप लावून नाक बंपरच्या किती आत राहतं ते मला फोनवर सांगितलं: बारा सेंटिमीटर.